महाराष्ट्राची राजमुद्रा : श्लोक तोच, बदलला फक्त तिसरा चरण

नदीकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात वडिलांसाठी डिजिटल सातबारा काढला. छापलेला कागद हातात पडल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे गट नंबर, क्षेत्र, आकार सगळं बोट फिरवत तपासलं आणि शेवटी चिन्हावर बोट ठेवून विचारलं, "हा दिवा कसला?" मी म्हटलं, शासनाचं चिन्ह आहे. "ते मलाही कळतंय रे. पण हाच दिवा का? आणि गोल कडेला काय लिहिलंय?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं दाखल्यांवर, जाहिरातींत, सरकारी पाट्यांवर ते चिन्ह बघतोय आणि एकदाही नीट वाचलेलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं. त्या रात्री चिन्ह मोठं करून वाचायला बसलो. मध्ये समई, तिच्याभोवती कमळाच्या सोळा पाकळ्या आणि कडेने हा श्लोक:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥

पहिली ओळ वाचली आणि अंगावर काटा आला. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा श्लोक आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असतो:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

दोन्ही एकाखाली एक ठेवून पाहा. चार चरणांपैकी तीन जसेच्या तसे आहेत. "शाहसूनोः शिवस्यैषा", म्हणजे शहाजीपुत्र शिवाजीची ही, एवढंच काढलं आणि तिथे "महाराष्ट्रस्य राज्यस्य" बसवलं. बसवलंही किती चपखल! हा अनुष्टुभ छंद. त्यात प्रत्येक चरणाला आठ अक्षरं, पाचवं लघु, सहावं गुरू आणि पहिल्या-तिसऱ्या चरणात सातवंही गुरू लागतं. बोटांवर मोजा: म-हा-रा-ष्ट्र-स्य-रा-ज्य-स्य. आठ भरतात, पाचवं 'स्य' लघु, सहावं 'रा' गुरू, आणि सातव्या 'ज्य'पुढे जोडाक्षर आल्यामुळे तोही गुरू. ज्याने कुणी हा बदल सुचवला त्याचा कान तयार होता.

मला सगळ्यात जास्त भावलं ते या श्लोकाचं व्याकरण. मूळ श्लोकात कर्ता कोण? राजा नाही. कर्ता आहे 'मुद्रा'. वर्धिष्णू कोण? मुद्रा. विश्ववंदिता कोण? मुद्रा. शोभते कोण आणि कशासाठी? मुद्रा, भद्राय, कल्याणासाठी. राजा तिथे षष्ठी विभक्तीत उभा आहे, 'शिवाची' एवढ्यापुरता. म्हणून तर तीनशे वर्षांनंतर, 1960 साली राज्य झालेल्या महाराष्ट्राला तोच श्लोक घेता आला. राजाचं नाव असलेली षष्ठी उचलली, राज्याचं नाव असलेली षष्ठी ठेवली आणि बाकीचं वाक्य जागचं हललं नाही. मूळ श्लोक राजाच्या पराक्रमाचा असता तर लोकशाही राज्याला तो असा घेता आला नसता.

जाणकारांनी भर घालावी. मूळ शिक्का कागदावर कुठे उमटायचा, त्याचा आकार तसा का, पुढच्या छत्रपतींच्या मुद्रा कशा होत्या, सगळंच वाचायला आवडेल.

---

मोडीवेडा

नदीकाठ, षष्ठीचा मुद्दा फार आवडला. मी हौसेने मोडी वाचतो, त्यामुळे कागदाच्या बाजूने लिहितो.

ही अष्टकोनी मुद्रा असते पत्राच्या माथ्यावर. तिच्याखाली मजकूर. आणि मजकूर संपला की लगेच, जागा न सोडता, दुसरा लहान शिक्का: मर्यादेयं विराजते. ही मर्यादा (इथे) शोभते आहे, म्हणजे पत्र इथे संपलं. यापुढे कुणी एखादी ओळ घुसडली तर ती या शिक्क्याच्या बाहेर पडते आणि लबाडी उघडी होते. वतनाच्या कागदात शेवटी चार शब्द वाढवले की गावचं गाव भांडत बसायचं, तेव्हा हा छोटा शिक्का मोठ्याइतकाच महत्त्वाचा. तुम्ही छंद मोजलाच आहे तर हेही मोजा: म-र्या-दे-यं-वि-रा-ज-ते. नेमकी आठ अक्षरं, अनुष्टुभाच्या सम चरणात चपखल बसणारी.

वरच्या मुद्रेला शिक्का आणि शेवटच्या मुद्रेला मोर्तब म्हणत. दोन्ही उमटले की कागद पक्का. आपण आज "बैठकीत निर्णयावर शिक्कामोर्तब झालं" म्हणतो ते इथून आलं. पत्राखाली "मोर्तब सुद" अशी अक्षरं असतात, तीही याच अर्थाची: मोर्तब झालं. लांब सनदांना कागदाचे बंद एकाला एक चिकटवलेले असत. त्या सांध्यांवर मागच्या बाजूने शिक्का मारायचे, म्हणजे मधला एखादा बंद बदलला तर अर्धा शिक्का इकडे, अर्धा तिकडे आणि जुळता जुळत नाही.

या मुद्रेच्या अगदी सुरुवातीच्या पत्रांतलं सगळ्यांना माहीत असलेलं पत्र 28 जानेवारी 1646 चं, खेड-शिवापूरजवळच्या रांझे गावच्या पाटलाबद्दलचं. त्याने बाईवर अत्याचार केला म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटिलकी काढून घेतली. महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा धरला तर त्या दिवशी सोळावं पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी होते. 'भद्राय राजते' हे शब्द माथ्यावर आणि खाली हा निवाडा. त्या कागदाचं छायाचित्र पाहताना मी दर वेळी थांबतो.

---

शलाका

मस्त धागा. मोर्तब म्हणजे दुसरा शिक्का हे आज कळलं! एक शंका: मुद्रा संस्कृतात का? त्या काळी दरबारात फारसी चालायची ना?

---

सह्यवारा

@शलाका, म्हणूनच तर! फारसीचं जोखड झुगारून दिलं ते पहिल्यांदा या मुद्रेने. स्वराज्याची पहिली घोषणाच म्हणा.

---

मोडीवेडा

सह्यवारा, भावना समजते, पण कागद थोडं वेगळं बोलतात आणि ते मला जास्त रोचक वाटतं.

शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती. जिजाऊसाहेबांची मुद्राही फारसीत. आदिलशाही, निजामशाही मुलखात शिक्का फारसी असणं हीच रीत होती. त्यामुळे त्याच घरातल्या मुलाची मुद्रा संस्कृत आणि तीही छंदात असणं हा ठरवून केलेला बदल होता, यात शंका नाही. पण त्याच मुद्रेखालची पत्रं वाचा. सुरुवात होते "अज रख्तखाने" या फारसी शब्दांनी, नावानंतर "दामदौलतहू" येतं, कालगणना सुहूर सन आणि मजकुरात दर ओळीला अरबी-फारसी शब्द. माथ्यावर संस्कृत श्लोक, खाली फारसीमिश्रित मराठी, लिपी मोडी. एकाच पानावर हे सगळं सुखाने नांदतं, कारण कारकुनाला, पाटलाला, देशपांड्याला कळेल अशी ती कामाची भाषा होती. 'शिक्का' आणि 'मोर्तब' हे शब्दही मुळात अरबीच.

कामकाजाची भाषा बदलायचा मोठा प्रयत्न 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास झाला. राज्याभिषेक शक सुरू झाला, पत्रांचे मायने संस्कृत वळणाचे झाले, आणि रघुनाथपंत हणमंते यांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश केला. नाण्यांवरही तेच दिसतं. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र / पति", सगळं देवनागरीत. बाजारात भाजी घेणाऱ्याच्या हातात ही अक्षरं पोचली. म्हणजे मुद्रा आधी, तिच्याखालची भाषा पुढे जवळजवळ तीस वर्षांनी. मला यात घाईची घोषणा दिसत नाही, धीराने केलेलं काम दिसतं.

---

सह्यवारा

पटलं. तीस वर्षांचं अंतर कधी लक्षातच आलं नव्हतं. 'घोषणा' हा शब्द मागे घेतो.

---

आकाशकंदील

मी आकाश बघणारा माणूस, तेव्हा चंद्राबद्दल बोलतो.

अमावास्येनंतरची पहिली कोर ज्यांनी खरोखर पाहिली आहे त्यांना ही उपमा वेगळीच भिडते. प्रतिपदेची कोर बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून तर चंद्रदर्शन द्वितीयेला करतात. कधीतरी हवा स्वच्छ असली, क्षितिजावर ढग नसले, तर सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली केसाएवढी रेघ दिसते. डोळे ताणून शोधावी लागते, आणि सापडेपर्यंत बुडायची वेळ झालेली असते. गेल्या वर्षी एका टेकडीवर आम्ही सहा जण तासभर उभे होतो. एकीला दिसली, तिने बोट दाखवलं, मग बाकीच्यांना दिसली. ज्या क्षणी दिसली त्या क्षणी सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मुद्रेवर पौर्णिमेचा चंद्र नाही, सूर्य नाही, सिंह नाही. जेमतेम दिसणारी कोर आहे. आत्ता लहान आहे हे मान्य करून 'वर्धिष्णू' म्हटलंय. कालिदासाने कुमारसंभवात दिवसेंदिवस वाढणाऱ्या पार्वतीला हीच चंद्रलेखेची उपमा दिली आहे, तेव्हा श्लोक रचणारा काव्यपरंपरेत मुरलेला होता हे उघड आहे. पण राज्याच्या शिक्क्यासाठी ती उपमा निवडणं, हे धाडस मला फार मोठं वाटतं.

---

गोदावरीचा

पण चंद्र पौर्णिमेनंतर घटतोही. राज्याच्या मुद्रेला घटणारी गोष्ट कशी चालते? ही शंका मला शाळेपासून आहे, खरंच विचारतोय.

---

आकाशकंदील

शंका रास्त आहे. माझं उत्तर असं: श्लोकात 'चंद्र इव' नाही, 'प्रतिपच्चंद्रलेखा इव' आहे. तुलना पूर्ण चंद्राशी नाही, शुक्ल प्रतिपदेच्या रेघेशी आहे, आणि त्या रेघेपुढे फक्त वाढ आहे. दुसरं म्हणजे 'वर्धिष्णू' या शब्दाला लागलेला 'इष्णु' प्रत्यय. सहिष्णू म्हणजे सहन करण्याचा स्वभाव असलेला. तसं वर्धिष्णू म्हणजे वाढत राहणं हा जिचा स्वभाव आहे ती. उपमा पहिल्या दिवसाची आणि स्वभाव कायमचा. घटण्याला कवीने वाक्यात जागाच ठेवली नाही.

---

नदीकाठ (धागाकर्ता)

आकाशकंदील, यावरून एक सुचलं. चंद्राच्या कला परंपरेने सोळा मानतात आणि महाराष्ट्राच्या चिन्हात समईभोवती पाकळ्या सोळा आहेत! कडेला वाढणारी चंद्रकोर, आत सोळा पाकळ्या. हे माझं वाचन आहे, अधिकृत अर्थ म्हणून सांगत नाही. पण आता मला ते चिन्ह तसंच दिसतं, आणि वडिलांनाही तसंच सांगितलं.

समईबद्दलही बोलायला हवं. कित्येक राजचिन्हांवर शस्त्र, हिंस्र प्राणी नाहीतर मुकुट असतो. इथे घरातली वस्तू आहे. देव्हाऱ्यासमोर, लग्नात, बारशाला, कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावतात ती. तिला तेल घालावं लागतं, वात सारावी लागते. 'भद्राय'शी मला समई फार जवळची वाटते.

---

अंबर्डी

पुढच्या छत्रपतींच्या मुद्रांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. संभाजी महाराजांची मुद्रा:

श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते ।
यदंकसेविनी लेखा वर्तते कस्य नोपरि ॥

शिवपुत्र शंभूची ही मुद्रा आकाशासारखी शोभते. तिच्या अंकाचा आश्रय घेणारी लेखा कुणावर चालत नाही? वडिलांच्या मुद्रेत चंद्राची लेखा, मुलाच्या मुद्रेत थेट आकाश, आणि 'लेखा' शब्द पुन्हा आलाच. एकीकडे तो चंद्राची रेघ, दुसरीकडे शिक्क्याखाली लिहिलेला हुकूम. अंक म्हणजे मांडीही आणि शिक्क्याचा छापही. आकाशाच्या मांडीवरची चंद्ररेघ आणि शिक्क्याच्या छापाखालचं पत्र, दोन्ही अर्थ एकदम उभे राहतात. संभाजी महाराज स्वतः संस्कृतात लिहीत, त्यामुळे हा श्लेष सहज आला असेल असं वाटतं.

पेशव्यांच्या शिक्क्यांचा नूर अगदी वेगळा. "राजा शाहू नरपति हर्षनिधान" असं आधी छत्रपतींचं नाव, मग पेशव्याचं आणि 'प्रधान'. सत्ता पुण्यात कितीही एकवटली तरी शिक्क्यात साताऱ्याचं नाव वर. आणि मोर्तबाच्या जागी "लेखन सीमा". मर्यादेयं विराजते (मर्यादा इयं विराजते) या तीन शब्दांचं काम दोनच शब्दांत.

---

शलाका

अष्टकोनाचं काय? नौदलाच्या नव्या ध्वजावरही अष्टकोन आहे ना?

---

कोकणकडा

हो. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीला विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच कार्यक्रमात नव्या ध्वजाचं अनावरण झालं. जुन्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला. आता वर डाव्या कोपऱ्यात तिरंगा आणि उजवीकडे निळा अष्टकोन. अष्टकोनात नांगरावर राष्ट्रचिन्ह, खाली नौदलाचं ब्रीद "शं नो वरुणः", आणि भोवती सोनेरी दुहेरी अष्टकोनी कडा. ही कड शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतल्याचं तेव्हाच जाहीर केलं होतं, आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा असा अर्थ नौदलाने दिला.

माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. ते असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ज्याने बांधले, बळकट केले, त्याच्या शिक्क्याचा आकार आज युद्धनौकेवर फडकतो.

---

वकिलीण

थोडं कायद्याचं, कारण गाड्यांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर काय काय दिसतं ते आपण बघतोच.

दोन चिन्हांची गल्लत होते. सारनाथच्या अशोकस्तंभाचं शीर्ष हे भारताचं राष्ट्रचिन्ह, 26 जानेवारी 1950 ला स्वीकारलेलं, खाली मुंडकोपनिषदातलं "सत्यमेव जयते". त्याच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समईचं चिन्ह वेगळं, ते महाराष्ट्र राज्याचं. पण म्हणून ते मोकळं आहे असं समजू नका. 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्याविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत केंद्राबरोबर कोणत्याही राज्याचं चिन्ह आणि अधिकृत मुद्राही येतात. परवानगीशिवाय धंद्यासाठी, ट्रेडमार्कसाठी ती वापरता येत नाहीत.

---

गोदावरीचा

उपयुक्त माहिती. आमच्या गावात एका कोचिंग क्लासच्या पाटीवर समई दिसते, त्यांना जाऊन सांगतो.

---

अंबर्डी

अक्षरांबद्दल कळकळीने एक सांगायचंय. पहिला शब्द प्रतिपच्चंद्र असा आहे, 'च'ला 'च' जोडलेला. प्रतिपद् + चंद्र, पुढे 'च' आला की आधीच्या 'द्'चा 'च्' होतो (सत् + चरित्र = सच्चरित्र, तसंच). पण निम्म्या स्टिकरांवर, अंगठ्यांवर, टीशर्टांवर 'प्रतिपश्चंद्र' असतं. माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेवर मुद्रा छापायची होती. मी स्वतः लिहून दिलं होतं तरी छापणाऱ्याने "सगळीकडे असंच असतं" म्हणून 'श्च' केलं. पाचशे पत्रिका छापून आल्या. वडील म्हणाले, राहू दे. मी नाही राहू दिलं. आम्ही दोघी बहिणींनी दोन रात्री बसून बारीक काळ्या पेनाने पाचशे 'श्च'चे 'च्च' केले.

---

मोडीवेडा

ताई, तुम्हाला आणि तुमच्या बहिणीला मनापासून नमस्कार.

---

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा धागा वाचून ठरवलंय की 1 मे च्या झेंडावंदनाला मुलांकडून दोन्ही श्लोक म्हणवून घ्यायचे, आधी महाराजांचा, मग राज्याचा. चौथी-पाचवीच्या मुलांना समजेल असा पदच्छेद कुणी देईल का?

---

नदीकाठ (धागाकर्ता)

बाई, हा घ्या. फळ्यावर असाच लिहिता येईल.

प्रतिपत्-चंद्र-लेखा इव : प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी
वर्धिष्णुः : वाढत जाणारी
विश्व-वंदिता : सगळ्या जगाने वंदन केलेली
शाह-सूनोः शिवस्य एषा : शहाजींचा मुलगा शिवाजी, त्याची ही
मुद्रा भद्राय राजते : मुद्रा (लोकांच्या) कल्याणासाठी शोभते

दुसऱ्या श्लोकासाठी चौथी ओळ पुसायची आणि तिथे लिहायचं:

महाराष्ट्रस्य राज्यस्य : महाराष्ट्र राज्याची

बाकीचं काही पुसू नका. एकच ओळ पुसली जाताना मुलांना दिसू दे.

---

फळा_खडू

आज सरावाला केलं तसंच. ओळ पुसून नवी लिहिली तेव्हा पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, म्हणजे आता ती आपली झाली?" मी हो म्हटलं. मग तिने वहीत 'महाराष्ट्रस्य राज्यस्य'खाली रेघ मारली आणि शेजारी आमच्या गावाचं नाव लिहिलं.